डोंगराआडच्या पावसाची खबर : शीळफाट्याच्या परिसरात बिनतारी दूरमापन

मुंब्र्यावरून पनवेलकडे जाणारा जुना हमरस्ता, कल्याण-डोंबिवलीहून येणारा रस्ता आणि पारसिकची डोंगररांग ओलांडून महाप्याहून उतरणारा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, त्या शीळफाट्याचे नाव वर्तमानपत्रांतून बहुधा वाहतुकीच्या कोंडीच्या संदर्भातच वाचावयास मिळते. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत या फाट्याभोवतीच्या वस्तीचे सुखदुःख ज्या घटनेवर अवलंबून असते, ती रस्त्यावर न घडता डोंगरावर घडत असते. पारसिकच्या पूर्वेकडील उतारावर पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी खाली येते, सखल जमिनीवर पसरते आणि खाडीला त्या वेळी भरती असेल तर तेथेच तुंबून राहते. डोंगरावर किती पाऊस झाला, नाल्याची पातळी किती चढली आणि खाडी या घटकेस पाणी घेते आहे की परतवते आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे, विशेषतः घराबाहेर पडणे अशक्य झाले असता, घरबसल्या मिळावीत यासाठी बिनतारी दूरमापनाची जी व्यवस्था शाळा, महाविद्यालये, गृहसंकुलांचे संघ अथवा उत्साही नागरिक अल्प खर्चात उभारू शकतात, तिच्या उभारणीविषयी आणि त्याहूनही अधिक तिच्या निगराणीविषयी येथे सांगावयाचे आहे.

हवामान खाते असताना असल्या स्थानिक उद्योगाची आवश्यकता काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास २६ जुलै २००५ या दिवसाचे आकडे हेच पुरेसे उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच अवधीत, त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांच्या नोंदींत एवढी तफावत पडू शकते, तर मध्ये डोंगराची भिंत असलेल्या शीळ आणि महापे या दोन गावांचा पाऊस एकच गृहीत धरणे धाडसाचे होय. त्या आपत्तीनंतर मुंबई महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रे बसविली; जलसंपदा खात्याने कृष्णा व भीमा या खोऱ्यांत पाऊस आणि नदीची पातळी तात्काळ कळविणारी यंत्रणा उभारली; कृषी खात्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाने राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत हवामान केंद्रे नेली. ही सर्व कामे मोलाची आहेत. तथापि महसूल मंडळ हा प्रशासनाच्या सोयीचा विभाग आहे, पाणलोटाचा नव्हे. आणि आपल्या नाल्याचे उगमक्षेत्र जेमतेम काही चौरस किलोमीटरांचे असेल तर त्याची खबर त्या क्षेत्रातच उभ्या केलेल्या यंत्राने द्यावयास हवी.

मोबाइलचे जाळे सर्वत्र पसरलेले असताना स्वतंत्र बिनतारी संचाचा खटाटोप कशासाठी, हा दुसरा प्रश्न. त्याच २००५ सालच्या रात्री दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी दोन्ही मोठ्या प्रमाणावर बंद पडले होते, हे ज्यांनी ती रात्र रस्त्यावर काढली त्यांना सांगावयास नको. ज्या घटकेस आकड्याची खरी निकड असते, त्याच घटकेस भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची वीज जाते किंवा त्यावर हजारो लोकांचा भार येतो. म्हणून डोंगरापासून वस्तीपर्यंतचा टप्पा आपल्या स्वतःच्या लहरींवर असावा आणि वस्तीत पोहोचलेली माहिती पुढे जगभर पाठविण्यासाठी मोबाइल अथवा इंटरनेट खुशाल वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभी व्याप आटोपशीर ठेवावा. डोंगराच्या उतारावर एक व वस्तीत एक असे दोन पर्जन्यमापक, नाल्यावरील मोरीवर एक पातळीमापक आणि एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर एक ग्राहककेंद्र, एवढ्याने पहिला पावसाळा काढावा. जागा निवडताना प्रथम जागेच्या मालकाचा शोध घ्यावा, कारण या परिसरात एका फर्लांगात ठाणे महापालिका, कल्याण-डोंबिवली महापालिका, रस्त्याचे खाते, औद्योगिक विकास महामंडळाची जलवाहिनी आणि वनखाते अशा निरनिराळ्या हद्दी एकमेकींना भिडलेल्या आढळतात. तोंडी मुभेवर विसंबू नये. लेखी परवानगी घेऊन तिची एक प्रत पेटीच्या आतील बाजूस चिकटवावी आणि बाहेर हे यंत्र कशासाठी आहे हे मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांत लिहावे. ज्याचे प्रयोजन कळते त्या वस्तूला लोक सहसा हात लावीत नाहीत.

यानंतरचा विचार लहरींच्या मार्गाचा. दोन अँटेनांमधील सरळ रेषा डोळ्यांना मोकळी दिसली म्हणजे मार्ग मोकळा झाला, हा समज फार जणांना फसवितो. त्या रेषेभोवती, मध्यभागी फुगीर व दोन्ही टोकांस निमुळता असा एक प्रदेश असतो. त्यास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात, आणि त्यात झाड, छप्पर वा टेकाड घुसले की लहरींचे बळ घटते. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी पाच किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी या क्षेत्राची त्रिज्या सुमारे २१ मीटर भरते आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे साडेबारा मीटर, मोकळा असावा लागतो. सबब मार्गाच्या मध्यावरील सर्वांत उंच छपरापासून तेवढ्या उंचीवरून आपली रेषा गेली पाहिजे. शीळफाट्याच्या पूर्वेस निळज्यापासून पलावापर्यंत आणि उत्तरेस दिव्यापर्यंत ज्या वेगाने उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत, मेट्रोच्या बाराव्या मार्गिकेचे खांब चढत आहेत आणि मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे वांद्र्यापासूनचा एकवीस किलोमीटरांचा बोगदा संपवून शिळेपाशी उघड्यावर येत आहे, ते पाहता यंदा मोकळा असलेला मार्ग दोन वर्षांनी मोकळा राहील याची शाश्वती नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये दोन्ही टोकांवरून छायाचित्रे काढून जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावीत आणि अँटेनेचा खांब आरंभीच असा उभारावा की तो आणखी दोन-तीन मीटर वाढविता येईल. डोंगराच्या पलीकडील केंद्राचा संदेश अलीकडे ऐकू येईल अशी आशा मात्र धरूच नये. तेथे रांगेच्या माथ्यावर पुनःप्रक्षेपक बसविण्यावाचून गत्यंतर नाही.

लहरींच्या पट्ट्याबाबत कायद्याचे बंधन कटाक्षाने पाळावे. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, प्रक्षेपकाची शक्ती एक वॅटपर्यंत मर्यादित ठेवून, मान्यताप्राप्त उपकरणे परवान्यावाचून वापरण्याची मुभा आहे. इतर बहुतेक पट्ट्यांसाठी दिल्लीच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाचा परवाना लागतो. बाजारात स्वस्त मिळणारे पुष्कळसे लोरा (दूर पल्ल्याच्या, अल्पशक्तीच्या बिनतारी पद्धतीचे) संच अमेरिकेसाठी घडविलेले म्हणजे ९१५ मेगाहर्ट्झचे असतात. आपल्याकडे तेथे भ्रमणध्वनीचा पट्टा आहे, आणि असा संच लावणे म्हणजे दुसऱ्याच्या संभाषणात व्यत्यय आणण्याचा गुन्हा करणे होय. युरोपसाठीच्या संचांचे नेहमीचे मार्ग ८६८.१ पासून सुरू होतात, तेही आपल्या हद्दीबाहेर पडतात. भारतासाठी लोरावॅनचे, म्हणजे लोरा संचांच्या जाळ्याच्या नियमावलीचे, ठरलेले मूळ मार्ग ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ हे होत. संच हाती येताच त्यात हेच भरलेले आहेत की नाहीत हे तपासावे.

प्रक्षेपकाची शक्ती वाढविण्याचा मोह नवशिक्यांस फार होतो, आणि ती शक्ती केबलमध्येच नाहीशी होत असते याकडे त्यांचे लक्ष जात नाही. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये या लहरींचे दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल बळ जाते. दहा मीटर केबल टाकली की दोनतृतीयांश शक्ती अँटेनेपर्यंत पोहोचतच नाही. एलएमआर-४०० जातीच्या जाड केबलमध्ये हीच हानी त्याच्या चतुर्थांशावर येते. यापेक्षाही उत्तम तोड म्हणजे संचाची पेटीच अँटेनेच्या पायथ्याशी खांबावर बसवून केबल हातभर लांबीची ठेवणे. सर्व जुळणी झाल्यावर ग्राहककेंद्रात येणारे बळ ग्रहणाच्या किमान मर्यादेपेक्षा पंधरा ते वीस डेसिबलांनी अधिक असावे. त्याहून कमी असेल तर झाडांना पालवी फुटताच संदेश गळू लागतील. आणि पावसात संदेश तुटू लागले तर दोष पावसाला देऊ नये. या लहरींना मुसळधार सरीही फारशा अडवीत नाहीत. बहुधा जोडणीत पाणी शिरलेले असते किंवा बॅटरी उतरलेली असते.

पर्जन्यमापकाचे नरसाळे कोणत्याही झाडापासून वा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावे, त्याची कड समपातळीत असावी आणि आतील डोलणारे पात्र ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाला एकदा उलथणारे असावे. अंशशोधन कोणालाही करता येते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर ५०० मिलिलिटर पाणी म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी छिद्र पाडलेल्या बाटलीतून अर्ध्या तासाहून कमी नाही अशा संथ गतीने सोडावे, आणि ०.५ मिलिमीटरचे पात्र पन्नास वेळा, ०.२ मिलिमीटरचे सव्वाशे वेळा उलथते की नाही हे मोजावे. मुसळधारेत, पात्र उलथत असतानाच्या क्षणी पडलेले पाणी हिशेबाबाहेर राहते, त्यामुळे अतिवृष्टीच्या वेळी हे यंत्र नेहमी कमीच सांगते हे ध्यानात ठेवावे. म्हणून शेजारी एक साधा, हाताने मोजावयाचा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद घेणे मी आवश्यक समजतो. शाळेच्या आवारात केंद्र असेल तर हे काम विद्यार्थ्यांकडे आनंदाने सोपविता येते.

नाल्याच्या पातळीसाठी पाण्यात बुडवून ठेवावयाचा दाबमापक येथील नाल्यांत टिकत नाही. पहिल्याच पुरात तो गाळात आणि प्लास्टिकच्या कचऱ्यात गाडला जातो. मोरीच्या वरून खाली पाहणारा रडार अथवा श्राव्यातीत मापक बरा. श्राव्यातीत मापकात तपमानाची दुरुस्ती असल्याची खात्री करून घ्यावी, कारण हवेचे तपमान दहा अंशांनी बदलले की आवाजाचा वेग पावणेदोन टक्क्यांनी बदलतो आणि पाच मीटर अंतरावर नऊ सेंटिमीटरांची चूक होते. मोरीच्या भिंतीवर रंगाने आखलेली पातळीपट्टी असावीच असावी. त्यामुळे येणारा-जाणारा कोणीही मनुष्य यंत्राची साक्ष ताडून पाहू शकतो. खाडीच्या तोंडाशी असलेल्या मोरीवर पावसाळ्यापूर्वी महिनाभर केवळ भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या तर मुंबईच्या भरतीच्या वेळापत्रकापेक्षा आपल्या येथील भरती किती उशिरा चढते हे कळते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची मर्यादाही ठरते.

आता ज्या मुद्द्यावर साऱ्या व्यवस्थेची विश्वसनीयता उभी असते तो सांगतो. संदेशात ‘गेल्या दहा मिनिटांत किती पाऊस’ हा आकडा पाठवू नये. पात्र बसविल्यापासून आजवर एकूण किती वेळा उलथले ती चढती संख्या पाठवावी. पहिल्या रीतीने मधला एक संदेश हरवला की तेवढा पाऊस कायमचा हरवतो. दुसऱ्या रीतीने मधले वीस संदेश हरवले तरी एकविसावा संदेश संपूर्ण हिशेब चुकता करतो, फक्त त्या काळातील पाऊस कोणत्या क्षणी पडला एवढेच अंधारात राहते. ही संख्या वीज गेली तरी पुसली जाणार नाही अशा स्मृतीत साठवावी. सोळा अंकी द्विमान गणक ६५,५३५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो, ०.२ मिलिमीटरच्या पात्राला ही मजल येथील चार-पाच पावसाळ्यांना पुरते, परंतु शून्यावर येण्याची ती घटना ग्राहककेंद्राच्या गणितात गृहीत धरलेली असावी. प्रत्येक संदेशास अनुक्रमांक असावा, त्याबरोबर बॅटरीचा दाब आणि पेटीतील तपमान यावे, आणि मूळ नोंदी केंद्रातील स्मृतिपत्रावरही उतरत राहाव्यात.

पाऊस पडला नाही आणि पावसाची खबर आली नाही या दोन सर्वस्वी भिन्न अवस्था आहेत. कित्येक ठिकाणच्या दप्तरांत दोन्हींपुढे शून्यच लिहिलेले आढळते आणि अशा दप्तरावर पुढे कोणी नाल्याची रुंदी किंवा मोरीचा व्यास ठरविला तर त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. ज्या वेळी संदेश आला नाही त्या वेळेचा रकाना रिकामाच राहिला पाहिजे, आणि तो का रिकामा आहे याची कैफियत नोंदवहीत असली पाहिजे.

केंद्रे वाढली की ती एकाच वेळी बोलू लागतात आणि संदेश एकमेकांवर आदळतात. मंद गतीने पाठविलेला लोरा संदेश सेकंदाहून अधिक काळ मार्ग अडवितो. तेवढाच मजकूर जलद गतीने एक दशांश सेकंदाच्या आत जातो. जेथे बळ पुरेसे आहे तेथे जलद गतीच निवडावी आणि प्रत्येक केंद्राच्या वेळेत काही सेकंदांचा अनियमित फरक ठेवावा.

विजेच्या हिशेबात जूनचे ऊन धरू नये, जुलैचे अंधारलेले आठवडे धरावेत. मापककेंद्र बहुतेक वेळ निद्रिस्त राहते व दर दहा मिनिटांनी क्षणभर जागे होते, त्यामुळे त्यास लहानसे पॅनेल पुरते. अडचण पुनःप्रक्षेपकाची असते, कारण त्यास अहोरात्र जागे राहावे लागते. तो पाच वॅट घेत असेल तर दिवसाचे १२० वॅट-तास झाले. पावसाळ्यात दिवसाकाठी पूर्ण उन्हाचे दोनच तास धरले तर ६० वॅटचे पॅनेल कागदोपत्री पुरते, पण वाटेतील हानी धरता १०० वॅटचे घ्यावे. पाच दिवस ऊन पडले नाही तरी काम चालावे यासाठी ६०० वॅट-तासांचा साठा लागतो. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ती १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची हवी, तर लिथियम-लोह-फॉस्फेटची ६० अँपिअर-तासांची भागते. पॅनेल दक्षिणाभिमुख असावे. येथील अक्षांश एकोणीस असले तरी कल पंचवीस अंशांच्या आसपास ठेवला तर पाऊस धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतो. चोरीची भीती असते. पॅनेल उंच खांबावर, उलट्या आट्यांच्या नटांनी बसवावे.

पाणी हा या यंत्रणेचा विषय आणि तिचा मुख्य शत्रूही तेच. सर्व केबली पेटीत खालूनच शिराव्यात आणि शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ पेटीबाहेरच टपकतो. अँटेनेच्या प्रत्येक जोडणीवर स्वतःशी एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. साध्या काळ्या चिकटपट्टीचा एका उन्हाळ्यात डिंक होतो. डोंबिवली आणि तळोजा या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये असलेल्या या परिसरातील हवा तांब्याच्या टोकांना लवकर गंज चढविते, म्हणून टोके कथील चढविलेली असावीत आणि वर्षातून एकदा घासून पाहावीत. विजेपासून संरक्षणासाठी अँटेनेच्या केबलवर निरोधक बसवून तो, खांब आणि पेटी ही तिन्ही एकाच अर्थिंगला जोडावीत. वेगवेगळ्या अर्थिंगमुळे वीज पडली असता संचातूनच प्रवाह वाहतो.

निगराणीचे वेळापत्रक ऋतूंप्रमाणे असावे. मेच्या मध्यास अंशशोधन, बॅटरीची चाचणी आणि झाडांची छाटणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्यास प्रत्यक्ष भेट. या भेटीत नरसाळ्यातील पाने, पाल, गांधीलमाशीचे पोळे, मुंग्यांची वारुळे यांचा समाचार घ्यावा, सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात आणि पातळीपट्टीवरील आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडावा. साफसफाई करताना पात्र हलले तर तेवढा खोटा पाऊस नोंदला जातो. त्या मिनिटांची वेळ लिहून ठेवावी आणि त्या उलथण्या वजा कराव्यात. भेटीची तारीख, वेळ, करणाऱ्याचे नाव, आढळलेली स्थिती आणि केलेली दुरुस्ती हे सर्व पेटीतच ठेवलेल्या बांधीव नोंदवहीत शाईने लिहावे. आकडे संगणकात कितीही सुरक्षित असले तरी ज्या नोंदवहीशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही ती नोंदवही गहाळ झाली तर आकडे निरुपयोगी होतात, असा माझा ठाम विश्वास आहे.

इशाऱ्याच्या बाबतीत संयम पाळावा. पहिला पावसाळा केवळ नोंदींचा समजावा. किती पावसानंतर किती वेळाने नाला किती चढतो हे त्यातून कळेल तेव्हाच धोक्याची पातळी ठरवावी. एकाच यंत्राच्या सांगण्यावरून वस्तीला जागे करू नये. पर्जन्यमापक आणि पातळीमापक यांची साक्ष जुळली, अथवा मोरीजवळ राहणाऱ्या कोणी पट्टी वाचून दुजोरा दिला, तरच खबर द्यावी. ती प्रथम महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षास द्यावी, कारण लोकांना हलविण्याचा अधिकार व साधने त्यांच्याकडे आहेत. त्या कक्षाला जूनपूर्वीच भेट देऊन आपली केंद्रे कोठे आहेत आणि आपला आकडा कोणत्या स्वरूपात येईल हे समजावून सांगितले, तर ऐन पुराच्या रात्री ओळख करून देण्यात वेळ जात नाही.

पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, नरसाळे व पात्र धुण्यापूर्वीच पुन्हा एकदा बाटलीने अंशशोधन करावे, कारण हंगामभर गाळ साचून पात्राचे वजन किती बदलले हे केवळ त्याच अवस्थेत कळते. मेमधील आणि ऑक्टोबरमधील दोन्ही निकाल नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावेत. नंतर यंत्र स्वच्छ करावे, बॅटरी पूर्ण भारित करून ठेवावी आणि हंगामाच्या मूळ नोंदी, दुरुस्त नोंदी व नोंदवहीची छायाप्रत अशा तिन्हींच्या दोन नकला करून एक आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे व एक जवळच्या महाविद्यालयाकडे सुपूर्द करावी. दोन अंशशोधनांत पाच टक्क्यांहून अधिक तफावत निघाली असेल तर त्या हंगामाच्या प्रत्येक तक्त्यावर तसा शेरा मारून मगच त्या नकला हातावेगळ्या कराव्यात.